आगकाड्या विकणारी मुलगी : एका बालकथेचें मार्क्सवादी वाचन

श्रोतेहो, गेल्या वर्षाच्या शेवटच्या रात्रीं आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला, आणि आजचें हें भाषण त्या प्रसंगांतूनच निघालें आहे. माझी सात वर्षांची नात गोष्ट ऐकल्यावांचून झोपत नाहीं. बाहेर नव्या वर्षाच्या स्वागताची गडबड चालली होती. तेव्हां त्या रात्रीला साजेशी गोष्ट म्हणून मी हान्स क्रिश्चन अँडरसन याची आगकाड्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट निवडली. गोष्ट संपली. त्या मुलीची आजी तिला उचलून देवाघरीं घेऊन गेली, हें सांगतांना माझा स्वर थोडा जड झाला होता. नातीच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतें. तिनें विचारलें, "आजोबा, पण दिवसभर कुणीच तिच्या काड्या कां घेतल्या नाहींत?"

मी म्हटलें, "लोक घाईंत होते, बाळ." हें उत्तर तिला पटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि पटलें नाहीं. ती झोपली, मी मात्र जागा राहिलों. ह्या गोष्टीनें आजवर किती घरांतल्या मुलांना रडविलें असेल, परंतु तिच्यांतील बाजाराचा विचार आपण मोठीं माणसें कितीदां करतों? साहित्याला असा प्रश्न विचारणारी टीकेची एक पद्धतच आहे. तिला मार्क्सवादी टीका म्हणतात. त्या पद्धतीनें ही गोष्ट वाचली तर काय हातीं लागतें आणि काय निसटतें, हें आज आपणांपुढें मांडण्याचा विचार आहे.

प्रथम गोष्टीची आठवण करून देतों. वर्षाची शेवटची संध्याकाळ. बर्फ पडत आहे, अंधार दाटत आहे. एक लहान मुलगी उघड्या डोक्यानें व अनवाणी पायांनीं रस्त्यावरून चालली आहे. घरून निघतांना तिच्या पायांत आईच्या जुन्या सपाता होत्या. पण रस्ता ओलांडतांना दोन गाड्या भरधांव आल्या, आणि त्या गडबडींत सपाता गेल्या. एक सांपडलीच नाहीं, दुसरी एका मुलानें पळविली. तिच्या ओंच्यांत आगकाड्या आहेत. दिवसभरांत एकहि काडी विकली गेली नाहीं, एक पैहि मिळाली नाहीं. रिकाम्या हातानें घरीं गेलें तर बाप मारील. शिवाय घरींहि थंडी आहेच, कारण छपराच्या फटींत गवत आणि चिंध्या कोंबल्या तरी वारा आंत शिरतोच. दोन घरांमधल्या एका कोंपऱ्यांत ती अंग चोरून बसते आणि ऊब मिळावी म्हणून एक काडी ओढते. तिला पितळी मुठींची मोठी शेगडी दिसते. दुसऱ्या काडीला भिंत पारदर्शक होते आणि पलीकडे मांडलेलें जेवणाचें ताट दिसतें. तिसऱ्या काडीला नाताळचें झाड दिसतें. चौथ्या काडीला दिसते ती आजी, जगांत तिच्यावर प्रेम करणारें एकमेव माणूस. आजी नाहींशी होऊं नये म्हणून मुलगी उरलेला सगळा जुडगा पेटविते. सकाळीं लोकांना तिचें गारठलेलें प्रेत दिसतें. बिचारी ऊब घ्यावयास गेली, असें लोक म्हणतात.

आतां पद्धतीसंबंधीं दोन शब्द. मार्क्सवादी टीका म्हणजे प्रत्येक पुस्तकावर क्रांतिकारक किंवा प्रतिगामी असा शिक्का मारणें, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे शिक्के मारणारे टीकाकार झाले, हें खरें. परंतु पद्धतीचा गाभा तो नव्हे. मार्क्सनें १८५९ सालीं लिहिलेल्या एका प्रसिद्ध प्रस्तावनेंत असा विचार मांडला कीं, माणसें आपलें पोट कसें भरतात, माल कोण निर्माण करतो आणि मालकी कोणाची असते, हा समाजाचा पाया असून कायदा, धर्म, कला व साहित्य हा त्या पायावर उभा राहिलेला इमला आहे. ह्या विचारावरून टीकाकार तीन साधे प्रश्न विचारतो. कथेंतील वस्तु कोणी केल्या, त्या कोणाच्या आहेत आणि त्या वापरतो कोण? कथा कोणी, कोठें बसून आणि कोणासाठीं लिहिली? आणि तिसरा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा कीं, जें माणसांनींच केलेलें आहे तें कथेंत पावसा-थंडीप्रमाणें निसर्गानें दिलेलें भासतें काय?

हा वाद महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत 'कलेसाठीं कला' कीं 'जीवनासाठीं कला' ह्या प्रश्नावर ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांचीं नांवें दोन पक्षांचे ध्वज म्हणून घेतलीं जात. आणि लालजी पेंडसे यांनीं १९३५ सालीं 'साहित्य आणि समाजजीवन' ह्या पुस्तकांत मार्क्सच्या दृष्टीनें साहित्याचा विचार मराठींत मांडला. मोठ्यांच्या कादंबरीला जो प्रश्न विचारतां येतो तो मुलांच्या गोष्टीला विचारण्यास हरकत नसावी. किंबहुना तेथें तो अधिक अगत्याचा आहे. कारण मोठा वाचक वाद घालतो, मूल ऐकतें आणि जन्मभर लक्षांत ठेवतें.

दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करूं. ही गोष्ट १८४५ सालच्या नोव्हेंबरमध्यें लिहिली गेली. अँडरसन त्या वेळीं ग्रोस्टेन येथील वाड्यांत ऑगस्टेनबोर्गच्या ड्यूकचा पाहुणा म्हणून राहात होता. एका लोकप्रिय वार्षिक पंचांगाच्या प्रकाशकानें त्याच्याकडे तीन चित्रें पाठविलीं आणि त्यांपैकीं एकावर गोष्ट लिहून मागितली. अँडरसननें निवडलेलें चित्र योहान थॉमस लुंडबी ह्या चित्रकाराचें होतें. त्यांत आगकाड्या घेऊन उभी असलेली एक गरीब मुलगी होती. गोष्ट त्याच डिसेंबरमध्यें १८४६ सालच्या पंचांगांत छापली गेली. म्हणजे ही कथा सरदाराच्या आश्रयाखालीं लिहिलेली, प्रकाशकानें मागवलेली आणि सुट्टीच्या दिवसांत सुखवस्तु घरांत वाचली जाण्यासाठीं छापलेली होती. मुलगी विकीत होती ती काडी हा माल, आणि मुलीची गोष्ट हाहि मालच. हें कटु वाटेल, पण तें खरें आहे.

मात्र येवढ्यावरून लेखकाला ढोंगी ठरविणें अन्यायाचें होईल. अँडरसन १८०५ सालीं ओडेन्स गांवीं जन्मला. बाप चांभारकाम करणारा. तो मुलगा अकरा वर्षांचा असतांनाच वारला. आई लोकांचे कपडे धुऊन पोट भरीत असे. त्या आईला तिच्या लहानपणीं घरच्यांनीं भीक मागावयास पाठविलें होतें. भीक मागण्याचा धीर न होऊन ती दिवसभर पुलाखालीं बसून रडली होती. ही आठवण अँडरसननें स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेवली आहे. कोंपऱ्यांत बसलेली आगकाडीवाली मुलगी म्हणजे पुलाखालीं बसलेली ती आईच नव्हे काय? पुढें चौदाव्या वर्षीं हा मुलगा एकटा कोपनहेगनला गेला. योनास कोलिन ह्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या आश्रयानें आणि राजाच्या निधींतून मिळालेल्या मदतीनें शिकला. वाड्यावाड्यांतून त्याचें स्वागत होऊं लागलें. जन्मानें तो एका वर्गाचा आणि अन्नानें दुसऱ्याचा. जॅक झाइप्स ह्या अमेरिकन अभ्यासकानें १९८३ सालीं आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, ज्यांच्या आश्रयावर अँडरसन जगला त्यांचीं मूल्यें त्यानें आपलीं म्हणून स्वीकारलीं, आणि त्याच्या कथांतील वेदना ह्या स्वीकाराची वेदना आहे. तें पुष्कळसें खरें आहे. परंतु पुलाखालची ती आठवणहि त्यानें सोडली नाहीं, हें तितकेंच खरें.

ह्याच काळांतील दुसरी प्रसिद्ध सुट्टीची कथा शेजारीं ठेवली म्हणजे फरक ध्यानांत येतो. डिकन्सची नाताळची कथा १८४३ सालच्या डिसेंबरमध्यें निघाली. तींत कंजूष स्क्रूजचें हृदय एका रात्रींत पालटतें आणि गरीब कारकुनाच्या घरीं मोठा पक्षी भेट म्हणून जातो. म्हणजे व्यवस्था तशीच राहते. मालक तेवढा चांगला होतो. अँडरसनच्या कथेंत मात्र कोणाचेंच हृदय पालटत नाहीं. कोणी खिडकी उघडीत नाहीं, कोणी आंत बोलावीत नाहीं. दानशूर गृहस्थाची वाट पाहात बसूं नका, तो येत नाहीं, हें ह्या कथेनें जितक्या थंडपणें सांगितलें आहे तितकें डिकन्सच्या कथेनें सांगितलेलें नाहीं. मार्क्सवादी टीकाकाराला म्हणूनच डेन्मार्कची ही लहान कथा अधिक प्रामाणिक वाटावी.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. मार्क्सच्या अर्थशास्त्राचा आरंभ एका साध्या भेदानें होतो. प्रत्येक विक्रेय वस्तूला दोन मूल्यें असतात : एक उपयोग-मूल्य आणि दुसरें विनिमय-मूल्य. काडी पेटते, ऊब देते, दिवा लावते, हें तिचें उपयोग-मूल्य. काडीला बाजारांत जे पैसे येतात तें तिचें विनिमय-मूल्य. हा भेद विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठीं प्राध्यापक मंडळी नाना उदाहरणें शोधतात. माझ्या मतें ह्या कथेइतकें चोख उदाहरण दुसरें नाहीं. मुलगी थंडीनें मरत आहे आणि तिच्या ओंच्यांत अग्नि आहे. तिच्याजवळ काय नाहीं? ऊब आहे, उजेड आहे. परंतु त्यांना हात लावण्याची तिला मुभा नाहीं, कारण त्या काड्या अजून माल आहेत. विकल्या जाईपर्यंत त्यांनीं कोणालाहि ऊब द्यावयाची नाहीं, आणि विकल्या गेल्यावर जी ऊब द्यावयाची ती दुसऱ्याला.

म्हणून ती पहिली काडी ओढते तो क्षण कथेंतील खरा कलाटणीचा क्षण आहे. लेखकानेंहि तेथें तिचा संकोच दाखविला आहे. एकच काडी जुडग्यांतून काढण्याचें तिला धाडस होत नाहीं. बोटें गारठलेलीं असतांना काडी ओढावयास धाडस कशाला लागावें? कारण ती ओढतांच माल नाहींसा होतो आणि वस्तु उरते. तेवढ्या क्षणापुरती ती मुलगी विकणारी राहात नाहीं, वापरणारी होते. आणि वापरणारी होतांच तिला जें दिसतें त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे : आधीं ऊब, मग अन्न, मग उत्सव, आणि शेवटीं माया. माणसाच्या गरजांची ही यादी कोणा अर्थशास्त्रज्ञानें केली असती तरी निराळी झाली नसती.

त्या स्वप्नांची आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जें झाड तिला दिसलें तें तिनें गेल्या नाताळांत एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरीं, कांचेच्या दारांतून पाहिलेल्या झाडाहूनहि मोठें होतें. म्हणजे तिचें स्वप्नहि दुसऱ्याच्या घरांतून उसनें आणलेलें आहे. तिला जो आनंद ठाऊक आहे तो कांचेपलीकडचा. आणि काडी पेटली कीं भिंत पारदर्शक होते. काडी विझली कीं जाड, थंड भिंत पुन्हां उभी. मार्क्सवादी लेखक वर्गभेदाचें वर्णन शेंकडों पानांत करतात. अँडरसननें तें एका भिंतींत केलें आहे. ती मुलगी मरते तीहि रानांत नव्हे, तर दोन घरांच्या मधल्या कोंपऱ्यांत. तिच्या दोन्ही बाजूंना शेगड्या पेटलेल्या आहेत.

तर मग कुणीच काड्या कां घेतल्या नाहींत? नातीच्या ह्या प्रश्नाचें उत्तर आतां थोडें जवळ आलें आहे. कथेंत खलनायक नाहीं. सपाता पळविणारा मुलगा आहे. पण तो पोरकटपणें म्हणतो कीं, मला मुलें झालीं म्हणजे मी ह्याचा पाळणा करीन! तोहि रस्त्यावरचाच, गरिबानें गरिबाचें लुबाडावें असा तो प्रकार आहे. बाप मारतो; पण तो त्याच फटक्या छपराखालीं राहतो, आणि मुलीच्या पैवर घर चालावें अशा दशेला पोंचलेला आहे. रस्त्यावरून गेलेल्या लोकांनीं कायद्याचा भंग केला नाहीं, कोणाचें कांहीं चोरलें नाहीं. काडी घेणें न घेणें हा त्यांचा अधिकार होता. बाजारांत विकणारा आणि घेणारा दोघेहि मोकळे असतात, असें अर्थशास्त्र सांगतें. परंतु घेणाऱ्याला न घेण्याची मोकळीक म्हणजे फार तर एक काडी कमी. विकणारीला न विकण्याची मोकळीक म्हणजे मरण. समानतेच्या ह्या करारांत दोन पारडीं किती विषम आहेत, हें दाखवून देणें हा मार्क्सच्या सर्व लिखाणाचा उद्देश होता, असें म्हटलें तरी चालेल. कोणीहि गुन्हा केला नाहीं आणि तरी एक मूल मेलें, हें ह्या कथेंतील खरें भय आहे.

येथपर्यंत टीकाकार आणि कथाकार बरोबर चालतात. शेवटाशीं त्यांची फारकत होते. आजी मुलीला उचलते. जेथें थंडी नाहीं, भूक नाहीं, भीति नाहीं, तेथें तीं दोघें जातात. कडक टीकाकार विचारील, हें सांत्वन कोणासाठीं? मुलीला आतां सांत्वनाची जरूर नाहीं. जरूर आहे ती शेगडीपाशीं बसून पंचांग वाचणाऱ्या कुटुंबाला. त्या कुटुंबानें दोन अश्रु ढाळावे आणि ती सुखी झाली, असें म्हणून दिवा मालवावा, अशी ही सोय आहे. मार्क्सनें १८४४ सालीं धर्माविषयीं जें लिहिलें त्यांतील अफूची उपमा तेवढी सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु त्याच परिच्छेदांत त्यानें असेंहि म्हटलें आहे कीं, धर्म हा खऱ्या दुःखाचा आविष्कार असतो आणि त्या दुःखाविरुद्धची तक्रारहि असतो. हा दुसरा अर्धा भाग ध्यानांत ठेवला म्हणजे कथेच्या शेवटाचा न्याय अधिक नीट करतां येतो. जगांत जी ऊब मिळाली नाहीं ती स्वर्गांत मिळाली, असें सांगणें म्हणजे जगांत ती मिळाली नाहीं, हें सांगणेंच आहे. अर्न्स्ट ब्लॉख हा जर्मन मार्क्सवादी तत्त्वज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत निर्वासित असतांना मानवी आशेवर मोठा ग्रंथ लिहीत होता; परीकथांना त्यांत त्यानें आदराचें स्थान दिलें. भुकेलेल्याचें स्वप्न हें पळून जाणें नव्हे, तें अजून न मिळालेल्या हक्काचें चित्र आहे, असा त्याचा आशय होता. शेगडीचें स्वप्न पाहणें हा गुन्हा नव्हे. शेगडी मागण्याची तीच पहिली पायरी आहे.

तथापि ह्या कथेचें खरें मौन शेवटांत नाहीं. तें आरंभींच आहे, आणि तें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. काड्या विकणारी मुलगी आपणांस दिसते. काड्या करणारी मुलगी कोठें आहे?

घासून पेटणारी काडी १८२७ सालीं इंग्लंडांत जॉन वॉकर ह्या औषधविक्रेत्यानें प्रथम विकावयास काढली. पुढच्या दशकांत काडीच्या गुलांत पांढरा फॉस्फरस वापरूं लागले. काडी सहज पेटूं लागली आणि स्वस्त झाली. परंतु ह्या फॉस्फरसच्या वाफेनें कामगारांचे दांत पडत, जबड्याचें हाड कुजे आणि पुष्कळांना मृत्यु येई. व्हिएन्नाच्या एका वैद्यानें हा रोग आगकाड्यांच्या कामगारांचा विशिष्ट रोग आहे असें दाखविलें तें १८४५ च्या सुमारास, म्हणजे अँडरसननें ही गोष्ट लिहिली त्याच सुमारास. त्याच १८४५ सालीं एंगल्सचें इंग्लंडांतील कामगारांच्या स्थितीवरील पुस्तक लाइप्झिग येथें छापलें गेलें. पुढें १८६७ सालीं 'कॅपिटल' ग्रंथाच्या पहिल्या खंडांत कामाच्या तासांविषयींच्या प्रकरणांत मार्क्सनें खुद्द आगकाड्यांच्या धंद्याची हकीकत दिली. ह्या धंद्यांतील निम्मे कामगार तेरा वर्षांखालील मुलें आणि अठरा वर्षांखालील तरुण होते. सरकारी चौकशी-अधिकाऱ्यानें १८६३ सालीं तपासलेल्या साक्षीदारांपैकीं २७० जण अठरा वर्षांखालील होते. १० जण अवघे आठ वर्षांचे आणि ५ जण सहा वर्षांचे होते. कामाचा दिवस बारा ते चौदा-पंधरा तासांचा. आणि जेवण बहुधा फॉस्फरसच्या वाफेनें भरलेल्या त्याच खोलींत. दांतेच्या नरकापेक्षांहि हा धंदा भीषण आहे, अशा आशयाचे उद्गार मार्क्सनें तेथें काढले आहेत.

म्हणजे अँडरसनच्या मुलीनें ज्या काडींत स्वर्ग पाहिला ती काडी करतांना तिच्याच वयाचें दुसरें मूल नरकांत होतें. बाजारांत वस्तु येते ती आपला जन्म विसरून येते. ती कोणाच्या हातांनीं झाली तें तिच्यावर लिहिलेलें नसतें. ह्या विस्मृतीवर मार्क्सनें एक सबंध प्रकरणभाग लिहिला आहे. कथेनें ही विस्मृति तशीच ठेवली.

हें मौन मोडण्याचा प्रयत्न झाला नाहीं असें नाहीं. हर्मिनिया त्सुर म्यूलेन ह्या लेखिकेनें १९२१ सालीं बर्लिनमध्यें कामगारांच्या मुलांसाठीं कांहीं गोष्टी प्रसिद्ध केल्या. जॉर्ज ग्रोस ह्या विख्यात चित्रकारानें त्यांना चित्रें काढलीं. पाय मोडलेला एक गरीब मुलगा अंथरुणावर एकटा पडला आहे. आई कामावर गेली आहे. आणि खोलींतल्या वस्तु एकामागून एक त्याच्याशीं बोलूं लागतात. कोळसा बोलतो, पाण्याची बाटली बोलते, आणि काडेपेटीहि बोलते. प्रत्येक वस्तु आपण कोठून आलों आणि कोणाच्या कष्टांनीं झालों तें सांगते. कल्पना सुंदर आहे. पण माझें मत विचाराल तर मुलें ती गोष्ट धडा म्हणून ऐकतील आणि अँडरसनची गोष्ट गोष्ट म्हणून. वस्तूंनीं बोलावें हें ठीक. त्यांनीं व्याख्यान द्यावें हें मुलांना मानवत नाहीं. बरोबर विचार म्हणजे चांगली गोष्ट नव्हे, ही मार्क्सवादी टीकेची मर्यादा तिच्या जाणत्या प्रवर्तकांनींहि ओळखली होती.

ह्या बाबतींत एंगल्सचें एक पत्र प्रसिद्ध आहे. मार्गारेट हार्कनेस ह्या लेखिकेनें लंडनच्या पूर्व भागांतील एका कामगार मुलीवर कादंबरी लिहून ती एंगल्सकडे पाठविली. १८८८ च्या एप्रिलमध्यें त्यानें उत्तर लिहिलें. लेखकाचीं मतें जितकीं झांकलेलीं राहतील तितकें कलाकृतीच्या दृष्टीनें बरें, असें त्यानें सांगितलें. बाल्झाक राजनिष्ठ असूनहि आपल्या आवडत्या वर्गाचा ऱ्हास त्यानें कसा खरेपणानें रंगविला, तें दाखविलें. मात्र त्यानें एक तक्रारहि केली : कादंबरींतील कामगार केवळ सोसणारे आहेत, स्वतःसाठीं हात हलवीत नाहींत. आणि शेवटीं प्रांजळपणें कबूल केलें कीं, लंडनच्या पूर्व भागांतले कामगार प्रत्यक्षांतहि सर्वांत कमी प्रतिकार करणारे आहेत.

आतां इतिहासाचा विनोद पाहा. ह्या पत्रानंतर तीन महिनेहि झाले नाहींत, तोंच त्याच पूर्व लंडनमध्यें, ब्रायंट आणि मे कंपनीच्या कारखान्यांतून आगकाड्या करणाऱ्या सुमारें १,४०० स्त्रिया आणि मुली बाहेर पडल्या. ॲनी बेझंट यांनीं २३ जून १८८८ रोजीं आपल्या 'लिंक' पत्रांत त्यांच्या हालांवर लेख लिहिला होता. तुटपुंजी मजुरी, क्षुल्लक कारणांवरून दंड, कामाच्या जागींच जेवण, असे ते हाल होते. लेख खोटा आहे असें लिहून देण्यास व्यवस्थापकांनीं सांगितलें, तें मुलींनीं नाकारलें, आणि संप झाला. दोन आठवड्यांत दंड रद्द झाले, जेवणासाठीं वेगळी जागा देण्याचें कबूल करण्यांत आलें, आणि ह्या स्त्रियांनीं आपला संघ स्थापन केला. बेझंटबाईंनीं हा संप घडविला असें पुष्कळ दिवस सांगितलें जाई. अलीकडील संशोधनानें त्या मुलींच्या स्वतःच्या पुढाकाराला अधिक श्रेय दिलें आहे. ह्याच बेझंटबाई पुढें हिंदुस्थानांत आल्या, आणि १९१६ सालीं लोकमान्य टिळकांच्या होमरूल संघाच्या बरोबरीनें त्यांनीं आपला होमरूल संघ काढला, हें आपणांस ठाऊक आहेच.

अँडरसनच्या मुलीला जें सुचलें नाहीं आणि सुचणें शक्यहि नव्हतें, तें त्या मुलींनीं केलें. ती एकटी होती. त्या चौदाशें होत्या. फरक शौर्याचा नव्हे, संख्येचा आणि एकत्र असण्याचा आहे. रस्त्यावर विकणारीला शेजारीण नसते, कारखान्यांतलीला असते. येथें मार्क्सची पद्धत कथेला कमी लेखीत नाहीं. ती मुलगी एकटी कां मेली, हें ती समजावून देते.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. पांढऱ्या फॉस्फरसवर फिनलंडनें १८७२ सालीं आणि अँडरसनच्या डेन्मार्कनें १८७४ सालीं बंदी घातली. तेव्हां अँडरसन हयात होता. १९०६ सालीं बर्न येथें अनेक राष्ट्रांनीं करार केला, १९०८ सालीं ब्रिटननें कायदा केला आणि १९१३ सालीं हिंदुस्थानांतहि तसा कायदा झाला. विष गेलें, पण लहान हात गेले नाहींत. आपल्या संविधानाच्या चोविसाव्या अनुच्छेदानें चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत, खाणींत आणि धोक्याच्या कामांत लावण्यास मनाई केली. तरीहि तामिळनाडूंतील शिवकाशी येथील आगकाड्यांच्या व फटाक्यांच्या धंद्यांतील मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें न्यावा लागला. १९९६ सालच्या निकालांत न्यायालयानें धोक्याच्या धंद्यांत मुलाला राबविणाऱ्या मालकानें दर मुलामागें वीस हजार रुपये भरावे असा आदेश दिला. संविधान अंमलांत येऊन तेव्हां शेचाळीस वर्षें लोटलीं होतीं. आपण देवापुढें निरांजन लावतों, तुळशीपाशीं पणती लावतों, तेव्हां हातांतली काडी कोणत्या हातांतून आली, हा प्रश्न त्या सर्व काळांत आपल्याहि घरांत विचारण्यासारखा होता.

तर मग ही गोष्ट मुलांना सांगावी कीं नाहीं? माझें उत्तर असें आहे कीं, अवश्य सांगावी. आणि तिचा शेवटहि बदलूं नये. शेवट गोड करून, कोणा दयाळू शेठजींनीं मुलीला घरीं नेलें असें सांगणारे आईबाप मला ठाऊक आहेत. तें करूं नये. कारण मग मुलाचा प्रश्नच नाहींसा होतो. मार्क्सवादी टीकेनें ही गोष्ट हिरावून घेतली असें मला वाटलें नाहीं. तिनें फक्त गोष्टीपुढें आणखी एक काडी ओढली, आणि भिंतीपलीकडचें थोडें अधिक दिसलें. मात्र एक सावधगिरी आपण ठेवावी : गोष्ट चालू असतांना व्याख्यान देऊं नये. आधीं गोष्ट, मग मुलानें विचारल्यास उत्तर, आणि तेंहि टाळाटाळीचें नव्हे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातीला मी म्हटलें, "काल तूं विचारलेंस, त्याचें उत्तर मी चुकीचें दिलें. लोक घाईंत होते म्हणून नव्हे. त्यांच्या घरीं शेगडी पेटलेली होती; त्यांना काडीची गरज नव्हती. गरज होती ती तिला. पण काड्या तिच्या हातांत असूनहि तिच्या नव्हत्या." तिनें थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग तिनें सगळ्या आधींच कां नाहीं पेटवल्या?"

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मला अजून देतां आलेलें नाहीं. आपल्यापैकीं कोणाच्या घरीं असाच प्रश्न निघाला तर, श्रोतेहो, लोक घाईंत होते असें मात्र सांगूं नका.